विल्न्याची शाळा आणि तिची हस्तलिखिते

विद्यार्थ्यांच्या लेखनाला साहित्याच्या इतिहासात सहसा जागा नसते. मराठी शाळांतून एके काळी दरवर्षी 'हस्तलिखित' निघत असे. सुवाच्य अक्षर असलेल्या मुलामुलींकडून कविता, निबंध, प्रवासवर्णने उतरवून घ्यायची, चित्रकलेच्या शिक्षकांनी मुखपृष्ठ रंगवायचे आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशी ते पाहुण्यांच्या हाती द्यायचे, असा परिपाठ होता. पाहुणे ते चाळीत, कौतुकाचे चार शब्द बोलत, आणि हस्तलिखित कपाटात जाई. पुढे त्यातला एखादा मुलगा कवी म्हणून नावारूपाला आला तर चरित्रकार ते कपाट उघडतो, एरवी नाही. म्हणजे विद्यार्थ्याचे लेखन आपण त्याच्या भविष्याच्या तारणावर वाचतो. ते आहे तसे, एक स्वतंत्र कृती म्हणून, वाचण्याची आपल्याला सवय नाही.

पण ज्या विद्यार्थ्यांना भविष्यच मिळाले नाही, त्यांच्या लेखनाचे काय करायचे? गेली काही वर्षे तौलनिक साहित्य शिकविताना हा प्रश्न माझ्यापुढे वारंवार आला, आणि तो येण्याचे कारण झाले विल्ना येथील एका ज्यू माध्यमिक शाळेचा इतिहास.

विल्ना म्हणजे आजच्या लिथुएनियाची राजधानी विल्नियस. दोन महायुद्धांच्या दरम्यान हे शहर पोलंडमध्ये होते आणि तेथे सुमारे ५५ हजार ज्यू राहत होते. त्यांची घरची भाषा यिद्दिश. ही हिब्रू लिपीत लिहिली जाणारी भाषा. तिचा सांगाडा जर्मन कुळातला, तिच्यात हिब्रू आणि स्लाव्ह शब्दांची भर. शतकानुशतके तिला 'बोली', 'अपभ्रंश', 'बायकांची भाषा' म्हणून हिणविले गेले. हिणविणाऱ्यांत परके होते तसे घरचेही होते: धर्मपंडितांना हिब्रू श्रेष्ठ वाटे, सुधारकांना जर्मन किंवा रशियन. प्राकृत आणि देशी भाषांच्या वाट्याला आलेली उपेक्षा ज्यांना ठाऊक आहे, अशा भारतीय अभ्यासकांना ही कथा अपरिचित वाटू नये.

मराठी वाचकासमोर 'ज्यू' म्हटल्याबरोबर आपले बेने इस्रायल उभे राहतात, आणि येथे त्यांच्याशी तुलना उपयोगी पडते. कोकणात तेलाचे घाणे चालविणाऱ्या आणि शनिवारी काम न करणाऱ्या या 'शनवार तेल्यां'ची भाषा मराठी होती, आणि ती त्यांच्या शेजाऱ्यांचीही होती. त्यांना हिब्रू शिकविण्यासाठी जॉन विल्सन यांनी १८३२ साली व्याकरण लिहिले तेही मराठीत. मुंबईत १८७५ साली निघालेल्या इस्रायली शाळेचे नाव पुढे सर एली कदूरी हायस्कूल झाले. १९२२ ते १९५० या काळात त्या शाळेची धुरा रिबेका रूबेन या विदुषीने वाहिली. तेथील विद्यार्थ्याला आपली भाषा जपण्यासाठी शेजाऱ्यांपासून वेगळे व्हावे लागले नाही. विल्न्यात तसे नव्हते. शेजारी पोलिश, लिथुएनियन, बेलारूसी बोलत. राज्याची भाषा पोलिश होती. यिद्दिशला तेथे राज्याचा आधार नव्हता. तिचा आधार तिच्या शाळा, ग्रंथालये, वृत्तपत्रे आणि छापखाने एवढाच होता.

अशा परिस्थितीत विल्न्याच्या यिद्दिश 'रेआल-गिम्नाझियुम'ने, म्हणजे विज्ञानावर भर देणाऱ्या माध्यमिक शाळेने, भौतिकशास्त्रापासून इतिहासापर्यंत सर्व विषय यिद्दिशमधून शिकविण्याचे धाडस केले. परिभाषा नव्हती, ती शिक्षकांनी घडविली. आपल्याकडे परिभाषाकोश आधी तयार होतात आणि वर्ग त्यांची वाट पाहत राहतो. तेथे वर्गाच्या गरजेतून परिभाषा आली. मान्यता आणि अनुदान यांसाठी या शाळांना पोलिश राज्याशी सतत झगडावे लागे. व्यावहारिक दृष्टीने पाहिले तर मुलाला पोलिश शाळेत घालणे अधिक शहाणपणाचे होते. तरीही शिंपी, छापखान्यातील कामगार, छोटे दुकानदार यांनी आपली मुले येथे पाठविली. यामागची श्रद्धा अशी की, मूल ज्या भाषेत भांडते आणि हसते त्याच भाषेत त्याने विचार करायला शिकावे.

या श्रद्धेला पांडित्याची जोड मिळाली ती १९२५ साली स्थापन झालेल्या 'यिवो' या संशोधनसंस्थेमुळे. तिचे एक प्रमुख संस्थापक भाषाशास्त्रज्ञ माक्स वाइनराइख यांनी एक विलक्षण कल्पना अमलात आणली. १९३२, १९३४ आणि १९३९ अशा तीन वेळा संस्थेने तरुणांसाठी आत्मचरित्रलेखनाची स्पर्धा जाहीर केली. स्वतःविषयी, घराविषयी, शाळेविषयी, मैत्री आणि राजकारण यांविषयी मोकळेपणाने लिहा, असे आवाहन होते. सहाशेहून अधिक आत्मचरित्रे आली: यिद्दिशमध्ये, पोलिशमध्ये, हिब्रूमध्येही. ज्यांच्या नावावर काही कर्तृत्व जमा नाही अशा पोरांचे आत्मचरित्र एका विद्वत्सभेने मागवावे आणि अभ्यासावे, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने धीट होती. या लेखनाच्या आधारे वाइनराइख यांनी १९३५ साली तरुणांच्या मनोविश्वावर एक ग्रंथही लिहिला. म्हणजे मुलांच्या लेखनाचे कौतुक करून ही संस्था थांबली नाही. त्या लेखनापासून ती शिकली. तिसऱ्या स्पर्धेची बक्षिसे १ सप्टेंबर १९३९ रोजी जाहीर व्हायची होती. त्या दिवशी जर्मन सैन्य पोलंडमध्ये शिरले आणि दुसरे महायुद्ध सुरू झाले. तो निकाल लागायचा राहिला.

यानंतरची हकीकत मी एका विद्यार्थ्याच्या आधारे सांगतो. यित्सखोक रुदाशेव्स्की १० डिसेंबर १९२७ रोजी जन्मला. वडील एका यिद्दिश दैनिकाच्या छापखान्यात खिळे जुळविणारे, आई शिवणकाम करणारी. हा एकुलता एक मुलगा रेआल-गिम्नाझियुममध्ये शिकत होता. जून १९४१ मध्ये जर्मनांनी विल्ना घेतले, ६ सप्टेंबरला ज्यूंना घेट्टोत कोंडले. शहराबाहेरच्या पोनारी येथील वनात माणसांना खड्ड्यांच्या काठी उभे करून गोळ्या घालण्याचे काम तोपर्यंत सुरू झाले होते. सुमारे ७० हजार ज्यूंची तेथे हत्या झाली. रुदाशेव्स्कीच्या शाळेची रुदनित्स्का रस्त्यावरील इमारत घेट्टोच्या आत आली. तिच्यात आता वर्ग भरत नव्हते. ज्यू मंडळाची कचेरी होती, आणि जगण्याचे परवाने मिळावेत म्हणून माणसे तेथे गर्दी करीत.

हा मुलगा जून १९४१ पासूनच्या घटना यिद्दिशमध्ये एका वहीत लिहीत गेला. ती दैनंदिनी प्रसिद्ध आहे, आणि तिचा उल्लेख बहुधा अ‍ॅन फ्रँकच्या दैनंदिनीबरोबर होतो. दोघांच्या वयामुळे आणि अंतामुळे ही तुलना सुचते, पण ती फार दूर नेत नाही. अ‍ॅन लपलेली होती, एकांतात लिहीत होती. रुदाशेव्स्की शाळेत जात होता. त्याच्या लेखनाचा गाभा शाळा हाच आहे. ऑक्टोबर १९४२ मध्ये घेट्टोतील माध्यमिक शाळा पुन्हा सुरू झाली, तेव्हा त्याच्या नोंदींचा सूरच पालटतो. त्यापूर्वीच्या पानांवर दिवस वाया जात असल्याची चडफड आहे. शाळा सुरू झाल्यावर दिवस अपुरा पडू लागतो. गणित, लॅटिन, इतिहास, यिद्दिश. संध्याकाळी युवक मंडळाचे गट. १० डिसेंबर १९४२ रोजी आपण पंधरा वर्षांचे झाल्याचे तो नोंदवितो. तीनच दिवसांनी घेट्टोच्या ग्रंथालयातून एक लाखावे पुस्तक वाचकाच्या हाती गेल्याचा समारंभ झाला. तेथेही तो होता.

त्याच्या गटांनी केलेली कामे आजच्या कोणत्याही विद्यापीठाच्या विभागाला शोभतील अशी आहेत. इतिहास गटाने हेरोद राजावर अभिरूप खटला चालविला. त्याच गटाने घेट्टोतील एका वाड्याचा इतिहास लिहायचे ठरविले. प्रश्नावली तयार केली आणि मुले घरोघर जाऊन माणसांच्या मुलाखती घेऊ लागली. साहित्य गटाने घेट्टोची लोकविद्या गोळा करण्यास घेतले: नव्याने जन्मलेले शब्द, म्हणी, शिव्याशाप, विनोद. दडून बसण्याच्या जागेसाठी 'मालिने' हा शब्द त्या महिन्यांतच रूढ झाला होता, आणि मुले तो कोशकाराच्या तटस्थतेने टिपून घेत होती. मार्च १९४३ मध्ये येहोआश या यिद्दिश कवीवर, म्हणजे बायबलचे यिद्दिश भाषांतर करणाऱ्या अमेरिकावासी कवीवर, मुलांनी प्रदर्शन भरविले. त्यासाठीची काही हस्तलिखिते व पुस्तके कवी अब्राहाम सुत्झकेवर आणि त्यांचे सहकारी यांनी जर्मनांच्या ताब्यातील यिवोच्या इमारतीतून चोरून आणली होती.

मुलाखतींच्या कामातला एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. ज्यांच्या घरातली माणसे पोनारीला गेली आहेत अशा एका ठिकाणी या मुलाला बोल ऐकावे लागले: दुसऱ्याच्या जखमा उकरून काढण्याचा तुला काय अधिकार? तो ते बोल प्रामाणिकपणे लिहून ठेवतो, त्या माणसाचे म्हणणे बरोबर असल्याचेही मान्य करतो. आणि तरी सर्व काही नोंदले गेले पाहिजे, कारण पुढे त्याचा हिशेब होणार आहे, असे आपले मत मांडतो. क्षेत्रीय संशोधनाच्या नीतीविषयी आपण आज जी चर्चा करतो तिचा सारा पेच या पंधरा वर्षांच्या मुलाने एका परिच्छेदात मांडला आहे, आणि कोणतीही बाजू सोपी करून मांडलेली नाही.

येथे एका आक्षेपाचा विचार करायला हवा, आणि तो आक्षेप घेट्टोतच निघालेला आहे. जानेवारी १९४२ मध्ये, हजारो माणसे मारली गेल्यानंतर काही आठवड्यांतच, घेट्टोत रंगमंचीय कार्यक्रम होणार असे जाहीर झाले. तेव्हा स्मशानात नाटके करीत नाहीत, अशा आशयाची पत्रके भिंतींवर लागली. ग्रंथपाल हेर्मान क्रुक या विरोधकांपैकी होते. पुढे वर्षभरात त्यांनी हेही पाहिले आणि लिहिले की घेट्टोतील सांस्कृतिक जीवन वाढत आहे आणि माणसांना त्याची गरज आहे. त्यांचा विरोध उथळ नव्हता आणि त्यांचा बदलही उथळ नव्हता. समारंभ हा दुःखाचा अपमान ठरू शकतो, ही भीती खरी आहे. पण समारंभ कशाचा, हे पाहिल्याशिवाय निकाल देता येत नाही.

घेट्टोतल्या स्पर्धांचे उदाहरण घ्या. १९४३ च्या आरंभी झालेल्या संगीतरचनेच्या स्पर्धेत अकरा वर्षांच्या अलेक वोल्कोविस्कीची चाल निवडली गेली. त्या चालीवर श्मेर्के काचेर्गिन्स्की यांनी यिद्दिश शब्द बसविले, आणि पोनारीविषयीचे ते अंगाईगीत आजही गाइले जाते. नऊ वर्षांच्या सॅम्युएल बाकची चित्रे घेट्टोतील प्रदर्शनात मांडली गेली. सुत्झकेवर आणि काचेर्गिन्स्की यांनी त्याला एक जुनी नोंदवही दिली आणि तिच्या कोऱ्या जागांत तो चित्रे काढीत राहिला. ही दोन्ही मुले वाचली. पहिला अलेक्झांडर तमीर या नावाने इस्रायलमध्ये पियानोवादक म्हणून नावाजला गेला आणि २०१९ साली वारला. दुसऱ्याच्या चित्रांचे संग्रहालय २०१७ साली विल्नियसमध्येच उघडले. पण त्यांच्या त्या वेळच्या परीक्षकांना यातले काही ठाऊक नव्हते. मुलगा पुढे मोठा होईल या आशेवर बक्षीस द्यावे अशी परिस्थितीच नव्हती. त्यांनी चाल ऐकली, ती चांगली आहे असे ठरविले आणि बक्षीस दिले. उद्याच्या तारणाशिवाय दिलेले असे बक्षीस मला विद्यार्थ्याच्या गौरवाचे शुद्ध रूप वाटते.

रुदाशेव्स्कीची दैनंदिनी मी येथील केंद्रीय विद्यापीठात अतिथी प्राध्यापक म्हणून शिकविली, ती १९७३ साली निघालेल्या इंग्रजी भाषांतराच्या आधारे. वर्गात मैथिली, मल्याळम्, पंजाबी, संताली, मराठी अशा नाना भाषांची मुले होती. चर्चेच्या प्रारंभीच एक विद्यार्थी म्हणाला, "सर, हे वाचून झाल्यावर त्याच्या गद्याविषयी बोलणे मला असभ्यपणाचे वाटते." वर्गातल्या बहुतेकांच्या मनातले तो बोलला होता. दुसऱ्याने विचारले, "तो वाचला असता तर आपण हे वाचले असते का?" बहुधा नसते, असे मी सांगितले, आणि म्हणूनच त्याच्या गद्याविषयी बोलणे आवश्यक आहे, असेही सांगितले.

मग आम्ही ती वही एखादा शिक्षक निबंधाची वही तपासतो तशी वाचली. सुरुवातीची पाने भाबडी आहेत. सोव्हिएत राजवटीत हा मुलगा 'पायोनियर' होता. आपली लाल मान-पट्टी, आपले नेते यांविषयी तो घोषणांच्या भाषेत लिहितो. ती भाषा उसनी आहे, हे म्हणण्यात त्याचा अवमान नाही. घेट्टोत प्रवेश करण्याच्या दिवसाचे वर्णन येते तेव्हा घोषणा गळून पडतात. गाठोडी, रस्ता, पायांखालची धूळ, वाटेत कोसळणारी माणसे एवढेच उरते. गिम्नाझियुममधील त्याचे आवडते शिक्षक याकोव्ह गेर्शटाइन सप्टेंबर १९४२ मध्ये वारले; त्यांच्यावर तो लिहितो तेव्हा प्रथमच एका माणसाचे चित्र पूर्णपणे उभे राहते. आणि नंतरच्या महिन्यांत उपरोधही त्याला साधू लागतो. घेट्टोतील ज्यू पोलीस, परवान्यांचे राजकारण, आपल्याच माणसांतली उच्चनीचता यांवर त्याची दृष्टी कठोर आहे. अठरा-वीस महिन्यांत एक मुलगा उसन्या शब्दांकडून स्वतःच्या शब्दांकडे येतो, हे वर्गाला दिसले. हा प्रवास मृत्यूने घडविलेला नाही; तो शिक्षकांनी, वाचनाने आणि लेखनाच्या सरावाने घडविलेला आहे. मृत्यूला या वहीचे श्रेय देण्याचे काही कारण नाही.

त्या तासाला सर्वांत शेवटी बोलली ती घरात संताली बोलणारी आणि शाळा पूर्णपणे हिंदीतून झालेली एक विद्यार्थिनी. ती म्हणाली, "त्याच्याकडे काहीच उरले नव्हते असे आपण म्हणतो. पण जे पाहिले ते लिहायला त्याच्याकडे घरची भाषा होती, आणि ती शाळेने दिलेली होती. माझ्या आजीने सांगितलेले मी कोणत्या भाषेत लिहू, हे मला शाळेत कोणी विचारलेच नाही." संताली २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या परिशिष्टात आली; पण परिशिष्टातून वर्गापर्यंतचे अंतर मोठे असते. तिच्या दुःखाची आणि विल्न्याच्या विनाशाची बरोबरी कोणी करू नये. तीही करीत नव्हती. तिने जे हेरले ते वेगळेच होते, आणि ते मला तोवर एवढ्या स्पष्टपणे कोणी सांगितले नव्हते: या दैनंदिनीची पहिली अट दुःख नसून शाळा होती. दुःख तर पुष्कळांच्या वाट्याला येते.

सुत्झकेवर यांनी घेट्टोतच मिरा बेर्नश्टाइन या शिक्षिकेवर एक कविता लिहिली. वर्गातील मुलांची संख्या दिवसेंदिवस कमी होत जाते, आणि शिक्षिका शिकवीत राहते, अशी तिची रचना आहे. ही मोजणी वाचकाच्या मनातून जात नाही, आणि जाऊही नये. परंतु साहित्याच्या अभ्यासकाला तिच्या शेजारी आणखी एक मोजणी मांडावी लागते: त्या वर्गांनी किती निबंध लिहिले, किती शब्द टिपले, किती मुलाखती घेतल्या. पहिली मोजणी मारणाऱ्यांनी काय केले ते सांगते. दुसरी, मुलांनी काय केले ते.

रुदाशेव्स्कीची अखेरची नोंद ७ एप्रिल १९४३ ची आहे. आसपासच्या गावांतील हजारो ज्यूंना आगगाडीने पोनारीला नेऊन मारल्याची वार्ता तेव्हा नुकतीच आली होती. त्या सप्टेंबरात घेट्टो संपविण्यात आला. कुटुंब एका मालिनेत दडले, ऑक्टोबरच्या आरंभी सापडले, आणि पोनारीला मारले गेले. नात्यातली एक बहीण निसटून वनातल्या लढवय्यांत सामील झाली होती. १९४४ च्या जुलैत शहर मुक्त झाल्यावर ती त्या जागी परतली आणि तिला ही वही मिळाली. १९५३ साली सुत्झकेवर यांनी आपल्या 'दी गोल्डेने केय्त' या यिद्दिश त्रैमासिकात ती प्रसिद्ध केली. ती प्रथम छापली गेली ती ज्या भाषेत लिहिली गेली त्याच भाषेत, आणि एका साहित्याच्या नियतकालिकात, ही गोष्ट मला योग्य वाटते. यिवोच्या स्पर्धांतील तीनशेहून अधिक आत्मचरित्रेही टिकली. २०१७ साली लिथुएनियात सापडलेल्या सुमारे १ लाख ७० हजार पानांच्या दडविलेल्या कागदपत्रांत एका शाळकरी मुलीचे आत्मचरित्र निघाले. ती मुलगी युद्धातून वाचली होती आणि दीर्घायुष्य जगली होती. तिने लिहिले होते ते खेळांविषयी, आजारपणाविषयी, शाळेविषयी. तेही वाचण्यासारखे आहे, आणि ते वाचताना आपल्याला रडावे लागत नाही, याचे मला बरे वाटते.

अभ्यासक्रमांत अशा लेखनाला सामान्यतः 'साक्षीचे साहित्य' या घटकात घालतात. तो घटक आवश्यक आहे. परंतु मी रुदाशेव्स्कीचे पाठ्य 'आधुनिक यिद्दिश गद्य' या घटकात, प्रौढ लेखकांच्या शेजारी ठेवले, आणि परीक्षेत त्याच्या शैलीवर प्रश्न विचारला. साक्षीदाराच्या शब्दाला आपण मान देतो, पण त्याच्या वाक्यरचनेकडे पाहत नाही. लेखकाकडे तसे पाहावे लागते. विल्न्याच्या शिक्षकांनी या मुलाची वही तपासली असती तर हेच केले असते: जेथे शब्द उसना आहे तेथे खूण केली असती, जेथे वाक्य जमले आहे तेथे शाबासकी लिहिली असती. १९३९ सालचा निकाल कोणी आता लावू शकणार नाही. त्या वह्या मात्र आपल्या हाती आहेत, आणि त्या तपासण्याचे काम आपल्याला करता येईल.